विश्वामित्रीच्या काठची कमाटी बाग

बडोदे रेल्वे स्थानकातून बाहेर पडून जुन्या शहराच्या दिशेने चालू लागले, की सयाजीगंजमधील दुकाने आणि लॉज मागे पडतात आणि एका चौकात उंच चौथऱ्यावर घोड्यावर स्वार झालेल्या महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा पुतळा सामोरा येतो. हा चौक सारे शहर ‘काला घोडा’ या नावानेच ओळखते. पुतळ्याजवळ सुमारे ११३ एकरांच्या एका बागेचे प्रवेशद्वार आहे आणि पलीकडे विश्वामित्री नदीवरचा पूल. पावसाळ्यात दोन दिवस झड लागली, की या पुलाच्या कठड्याशी माणसे थांबू लागतात. पाणी किती चढले, अजून किती चढेल आणि खाली मगर दिसते का, हे पाहण्यासाठी. तिकडे बागेत मात्र वर्षाचे बाराही महिने गर्दी असते, आणि त्या गर्दीचे नदीकडे सहसा लक्ष नसते.

बागेचे अधिकृत नाव सयाजीबाग. बोलण्यात मात्र ती कमाटी बागच. बडोद्याच्या मराठी आणि गुजराती अशा दोन्ही घरांतून हेच नाव चालते. १८७९ मध्ये ही बाग लोकांसाठी उभी राहिली आणि तिचे सारे श्रेय सयाजीरावांच्या नावावर नोंदले गेले. ते अयोग्य नाही, पण पुरेसेही नाही. बागेचा इतिहास समजून घ्यायचा, तर महाराजांबरोबरच आणखी दोघांची दखल घ्यावी लागते. एक म्हणजे तंजावरकडून आलेला एक मराठी दिवाण आणि दुसरी म्हणजे पावागडाहून आलेली ही नदी.

अल्पवयीन राजा, अनुभवी दिवाण

१८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले. खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी त्यानंतर नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावातील गोपाळराव या मुलास दत्तक घेतले. हेच पुढचे सयाजीराव. त्यांचा जन्म १८६३ चा. म्हणजे बाग आकाराला आली तेव्हा ते अवघे सोळा वर्षांचे होते आणि अद्याप शिक्षकांच्या हाताखाली शिकत होते. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना मिळाले ते डिसेंबर १८८१ मध्ये. मधली वर्षे संस्थानाचा गाडा हाकला तो दिवाण सर टी. माधवराव यांनी.

माधवराव हे तंजावरच्या मराठी परंपरेतील देशस्थ घराण्यातले, कुंभकोणम येथे जन्मलेले. त्रावणकोर आणि इंदूर या दोन संस्थानांचे दिवाणपद भूषवून ते बडोद्यास आले होते. मल्हाररावांच्या काळात विस्कटलेला कारभार सावरणे हे त्यांचे पहिले काम. त्या कामात वसुली, न्यायालये, रस्ते यांबरोबरच सार्वजनिक बागेसारख्या गोष्टीलाही जागा मिळाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. रिकाम्या खजिन्याच्या राज्यात बाग ही चैन ठरली असती. माधवरावांच्या प्रशासनाने ती शहराची गरज मानली.

जागेची निवडही सूचक होती. विश्वामित्रीच्या पूर्वेला तटबंदीचे जुने शहर, पश्चिमेला रेल्वे स्थानक आणि ब्रिटिशांची छावणी. दोन्हींच्या मध्ये नदी, तिच्या घळी आणि पुराच्या पाण्याखाली जाणारी सखल जमीन. शहराला छावणीपासून आणि छावणीला शहरापासून हवे असलेले अंतर या जमिनीने आपोआप राखले होते. बागेने तेथे दोन्ही बाजूंच्या लोकांना एकत्र फिरण्याची जागा दिली. पुराचा धोका असलेल्या जमिनीवर पेठ वसवण्याऐवजी तेथे झाडे लावली गेली. त्या काळी हा निर्णय कोणत्या हिशेबाने घेतला गेला असेल तो असो, त्याचे मोल शंभर-सव्वाशे वर्षांनी कळायचे होते.

आखीव चौकटीबाहेरची बाग

राजेमहाराजांच्या जुन्या बागांची रचना ठरलेली असे. सरळ रेषेत पाण्याचे पाट, मध्ये कारंजे, चारी बाजूंना सारखे वाफे, भोवती उंच भिंत आणि दारावर पहारा. कमाटी बागेची कल्पना वेगळी होती. वळणे घेत जाणारे रस्ते, मोठाली हिरवळ, मध्येच झाडांचे पुंजके, आणि एका टोकापासून दुसरे टोक दिसू नये अशी मांडणी. इंग्लंडमध्ये रुजलेली ही निसर्गशैली तेव्हा हिंदुस्थानातील शहरांत नुकतीच येऊ लागली होती. या शैलीत पाणी हवेच असते, आणि ते नसेल तर खोदून तळे करावे लागते. येथे मुळातच नदी होती. तिची वळणे आणि उंचसखल काठ यांमुळे आखणी करणाऱ्याचे निम्मे काम आधीच झालेले होते. बाग नदीच्या दोन्ही काठांवर पसरली आणि पुलाने जोडली गेली.

मुंबईकर वाचकाला या बागेचा नकाशा ओळखीचा वाटेल. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली, तिच्या शेजारचे वस्तुसंग्रहालय (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) १८७२ मध्ये, आणि पुढे त्याच आवारात प्राणिसंग्रहालय आले. बाग, संग्रहालय आणि पिंजरे या तिहेरी योजनेत मनोरंजन थोडे आणि शिक्षण अधिक, असा एकोणिसाव्या शतकाचा आग्रह होता. पुण्यातही मुळा-मुठेच्या काठी, सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून झालेल्या बंधाऱ्याशेजारी, बंडगार्डन १८६९ मध्ये साकारली होती. बडोद्याने या दोन्ही नमुन्यांचा मेळ घातला, आणि तोही पुण्याच्या बागेपेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर.

पुढच्या काळात बडोद्याच्या उद्यानांना युरोपातील जाणकारांचे हात लागले. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या परिसराची आखणी विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानरचनाकाराने केली. लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव्ह हर्मान क्रुम्बिगेल १८९३ मध्ये सयाजीरावांच्या सेवेत रुजू झाले आणि संस्थानाच्या उद्यानांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. चौदा-पंधरा वर्षे ते बडोद्यात होते. नंतर म्हैसूर संस्थानाने त्यांना बोलावून घेतले आणि बंगळूरच्या लालबागेला त्यांनी जे रूप दिले त्यासाठी ते आज ओळखले जातात. क्रुम्बिगेल यांच्यावर बंगळूरमध्ये भरभरून लिहिले जाते. त्यांची बडोद्यातील वर्षे मात्र बहुतेकदा एका ओळीत उरकली जातात. ज्या शहराने त्यांना हिंदुस्थानात आणले, त्या शहराने तरी ती ओळ थोडी लांबवायला हरकत नव्हती.

बागेत शंभराच्या आसपास जातींचे वृक्ष असल्याचे सांगितले जाते. वड, कडुनिंब यांसारखी देशी झाडे आहेत आणि पर्जन्यवृक्षासारखी समुद्रापलीकडून आलेलीही आहेत. जुन्या, उंच झाडांवर वटवाघळांची मोठी वस्ती आहे. दिवसा फांद्यांना काळी फळे लगडल्यासारखी ती दिसतात आणि अंधार पडू लागताच शहरावर पांगतात. बागेत येणारी लहान मुले पिंजऱ्यातील वाघाइतकेच कुतूहल या उलट्या टांगलेल्या रहिवाशांविषयी दाखवतात.

खाली युरोप, वर हिंदुस्थान

बागेतील सर्वात मोलाची वास्तू म्हणजे बडोदे वस्तुसंग्रहालय आणि चित्रदालन. संग्रहालयाची स्थापना १८८७ ची. इमारत पूर्ण होऊन ती लोकांसाठी खुली झाली १८९४ मध्ये. वास्तुरचनेचे श्रेय मेजर चार्ल्स मँट आणि रॉबर्ट फेलोज चिझम या जोडीला दिले जाते. मँट हे नाव महाराष्ट्रालाही परके नाही, कोल्हापूरचा नवा राजवाडा त्यांच्याच आराखड्यानुसार उभा राहिला. लक्ष्मी विलासचा आराखडाही त्यांचाच. मात्र ते १८८१ मध्येच निवर्तले. त्यामुळे संग्रहालयाची इमारत मँट यांच्या वळणाने, पण चिझम यांच्या हातून घडली, असे मानणे अधिक सयुक्तिक. चिझम हे मद्रासेतील सिनेट हाऊसचे शिल्पकार. इमारतीचा तळमजला सरळसरळ युरोपीय पद्धतीचा आहे आणि वरच्या भागात हिंदुस्थानी वास्तुकलेचे घटक आहेत. दोन्ही एकमेकांवर बेतले असूनही विजोड दिसत नाहीत, ही त्या काळच्या इतर अनेक इमारतींना न साधलेली गोष्ट येथे साधली आहे.

चित्रदालनाची कथा महायुद्धाशी जोडलेली आहे. त्याची इमारत १९०८ मध्ये हाती घेतली गेली आणि १९१४ मध्ये पुरी झाली. दालनासाठी युरोपीय चित्रे निवडण्याचे काम सयाजीरावांनी लंडनमधील कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्याकडे सोपवले होते. इमारत तयार, चित्रेही निवडलेली, आणि नेमके पहिले महायुद्ध पेटले. समुद्रमार्गे चित्रे पाठवणे धोक्याचे होते. परिणामी तयार दालनाला चित्रांची वाट पाहावी लागली आणि ते उघडले ते १९२१ मध्ये. सात वर्षे रिकाम्या भिंती राखण्याचा धीर दाखवणाऱ्या राजाला या कामाची हौस किती होती, हे निराळे सांगायला नको.

सयाजीरावांना संग्रहालयाकडून काय हवे होते, हे त्यांच्या इतर कामांकडे पाहिले की उमगते. १८९० मध्ये त्यांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली, दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानात लागू झाला. १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना आणून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. बागेतील संग्रहालय हे याच साखळीतील एक कडी होते. शाळेत न गेलेला शेतकरी, गावाहून आलेले कुटुंब, सुटीच्या दिवशी फिरायला आलेला कारागीर, या सर्वांनी बागेत यावे आणि जाता जाता जग पाहून जावे, अशी ती योजना होती. म्हणूनच संग्रहालय राजवाड्याच्या आवारात न बांधता लोकांच्या पायवाटेवर बांधले गेले.

आत शिरल्यावर ही ‘जग दाखवण्याची’ भूमिका दालनोदालनी जाणवते. इजिप्तमधील ममी येथे आहे. सुमारे ७२ फूट लांबीचा निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. हा देवमासा १९४४ मध्ये भरतीच्या पाण्याबरोबर मही नदीच्या मुखाशी येऊन अडकला होता. मुले तेथून हलत नाहीत. परंतु जाणकारांची पावले वळतात ती अकोट्याच्या धातुमूर्तींकडे. १९५१ मध्ये शहरालगतच्या अकोटा येथे जैन धातुमूर्तींचा मोठा संच सापडला. पाचव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंतच्या या मूर्तींचा अभ्यास डॉ. उमाकांत शाह यांनी केला आणि पश्चिम भारताच्या शिल्पेतिहासातील एक मोठी पोकळी भरून निघाली. १९४०च्या दशकात संग्रहालयाची सूत्रे जर्मन कलेतिहासकार हर्मान ग्योट्झ यांच्याकडे होती. त्यांच्या काळात संग्रहालयाला संशोधनाची शिस्त लागली.

इतके सारे असूनही बागेत येणाऱ्यांपैकी फार थोडे जण संग्रहालयाची पायरी चढतात. जी संस्था एखाद्या मोठ्या शहराचे मुख्य आकर्षण ठरली असती, ती येथे झाडांआड निवांत उभी आहे.

घोडा, बॅण्ड आणि झुकझुक गाडी

प्रवेशद्वाराबाहेरचा काला घोडा १९०७ चा, सयाजीरावांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळचा. शिल्पकार फ्रान्सिस डरवेंट वुड. पहिल्या महायुद्धात चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांसाठी धातूचे पातळ मुखवटे तयार करणारे म्हणूनही वुड यांचे नाव घेतले जाते. मुंबईच्या काळा घोडा चौकातील सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला गेला. तेथे पुन्हा घोडा आला तो २०१७ मध्ये, आणि तोही स्वाराविना. बडोद्याचा घोडा आणि त्याचा स्वार दोघेही मूळ जागी आहेत. परक्या सम्राटाचा पुतळा आणि आपल्या राजाचा पुतळा यांत शहरे फरक करतात, याचे हे बोलके उदाहरण.

आतील इतर गोष्टींची यादी मोठी आहे. संस्थानी काळातील बॅण्डस्टँड आहे. नदीच्या काठांवर पसरलेले प्राणिसंग्रहालय आहे. त्याची सुरुवात बागेबरोबरच झाली. सरदार पटेल तारांगण आहे, जमिनीखाली यंत्र आणि वर वीस फूट व्यासाची फुलांची तबकडी असलेले पुष्पघड्याळ आहे, आरोग्य संग्रहालय आहे आणि मुलांची झुकझुक गाडी आहे. प्रत्येक पिढीने बागेत आपल्या परीने काहीतरी भर घातली. खरे सांगायचे, तर ही भर कधीकधी जास्तच झाली. मोकळी हिरवळ हाच ज्या शैलीचा प्राण, त्या शैलीच्या बागेत ‘रिकामी जागा’ दिसली की तेथे काहीतरी बांधण्याची हौस नगरसंस्थांना आवरत नाही. बडोदे महापालिका याला अपवाद नाही, आणि महाराष्ट्रातील महापालिकांनी तिच्याकडे बोट दाखवावे अशीही स्थिती नाही.

बागेशी शहराच्या मराठी माणसाचे नाते वेगळ्याच जवळिकीचे. गायकवाडी अमलात सरदार, कारकून, शिक्षक, वैद्य, गवई अशी मराठी कुटुंबे बडोद्यात येऊन स्थिरावली. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये शहर गुजरातेत गेले, १९७४ मध्ये त्याचे इंग्रजी नावही ‘वडोदरा’ झाले, तरी ही कुटुंबे तेथेच राहिली. या वस्तीची चव शहराच्या जिभेवरही उतरली आहे. बडोद्याची म्हणून मिरवली जाणारी सेव-उसळ ही आपल्या उसळीचीच लेक. २०१८ मध्ये ९१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले तेव्हा महाराष्ट्रातून गेलेल्या अनेकांना हे शहर अनोळखी वाटले नाही.

कलाशिक्षणाच्या इतिहासातही या बागेचा वाटा आहे. १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा सुरू झाली आणि चित्रकला विभागाची धुरा नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे आली. बाग या विद्याशाखेच्या जवळच. रेखाटनाच्या वह्या घेऊन झाडे, माणसे आणि पिंजऱ्यांतील प्राणी टिपणारे विद्यार्थी हे तेथील नेहमीचे दृश्य.

पाठीमागची नदी

विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते, पश्चिमेकडे वाहत बडोद्यात शिरते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंबातच्या आखाताकडे जाते. विश्वामित्र ऋषींच्या नावावरून तिला हे नाव मिळाल्याची लोकश्रद्धा आहे. शहराचा जन्मच तिच्या काठचा. आजच्या अकोट्याच्या जागी प्राचीन काळी अंकोट्टक नावाचे नगर होते. नदीच्या मोठ्या पुरांमुळे तेथील वस्ती सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास पूर्वेकडील उंचवट्यावर, वडाच्या झाडांनी वेढलेल्या वडपद्रक या खेड्याकडे सरकली आणि त्यातून बडोदे वाढले, असे शहराच्या इतिहासात सांगितले जाते. संग्रहालयातील अकोट्याच्या मूर्ती पाहताना हे आठवले, की बागेच्या आतले आणि बागेमागचे धागे जुळतात. नदीपासून थोडे दूर राहावे, हे शहाणपण या शहराला तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच आले होते.

ते पुढे विसरले गेले. विश्वामित्रीच्या दोन्ही अंगांना मातीच्या खोल घळी आहेत. स्थानिक भाषेत त्यांना ‘कोतर’ म्हणतात. पूर आला की पाणी या कोतरांत पसरते, थबकते आणि सावकाश ओसरते. पाणी सामावून घेणारी ही नैसर्गिक कोठारेच होती. शहर वाढले तशी अनेक कोतरे राडारोड्याने भरली गेली, त्यांवर वसाहती आणि व्यापारी संकुले उभी राहिली. काठाकाठाने झोपड्याही वाढल्या. पूल झाले, त्यांच्या भरावांनी पात्र आवळले गेले. पावसाळा सोडला तर नदीत वाहते ते मुख्यतः सांडपाणी. वरच्या अंगाला आजवा धरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या टप्प्यात शहराला पाणी पुरवण्यासाठी सयाजीरावांनी ते बांधले. अतिवृष्टीत धरणाचे पाणी सोडावे लागले, की ते याच आवळलेल्या पात्रातून शहरात येते.

३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात चोवीस तासांत सुमारे वीस इंच पाऊस कोसळला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुन्हा तेच झाले, किंबहुना अधिक. काला घोडा पुलापाशी नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याच्या खुणेपेक्षा ती सुमारे दहा फूट जास्त होती. पाऊस थांबल्यानंतरही अनेक वसाहतींतून पाणी हटले नाही. लोकांना छतांवर आसरा घ्यावा लागला, लष्कराला पाचारण करावे लागले, आणि रस्त्यांवर, अंगणांत, एवढेच काय छतांवरही मगरी आढळल्या.

या मगरी विश्वामित्रीच्या मूळ रहिवासी आहेत. गोड्या पाण्यातील ‘मगर’ जातीची ही मोठी संख्या इतक्या दाट वस्तीच्या शहरात नांदते, असे उदाहरण जगात विरळा. फेब्रुवारी २०२५ मधील गणनेत चारशेहून अधिक मगरी मोजल्या गेल्या. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना सर्वोच्च दर्जाचे संरक्षण आहे. प्राणिसंग्रहालयाचे तिकीट काढून पिंजऱ्यातील प्राणी पाहायला जाणारा माणूस बागेतल्याच पुलावरून खाली पाहील, तर त्याला विनामूल्य आणि मोकळ्या मगरी दिसू शकतात. पुराच्या काळात मगर रस्त्यावर आली की ‘मगर घरात घुसली’ असे म्हटले जाते. ती अंडी घालते त्या काठाच्या मातीत घर घुसले, ही बाजू क्वचितच मांडली जाते.

येथेच १८७९ च्या निर्णयाचे मोल ध्यानात येते. बागेचा सखल भागही मोठ्या पुरात पाण्याखाली जातो. पण पाणी ओसरल्यावर तेथे गाळ उरतो, आणि गाळ झाडांना नवा नाही. ज्या शंभरएक एकरांवर बाग आहे, तेवढ्या जमिनीवर नदीला पसरायला अद्याप थोडी मोकळीक आहे. पात्राच्या वरच्या आणि खालच्या अंगाला ज्या ठिकाणी ही मोकळीक हिरावली गेली, तेथील पाणी घरांत जाते.

खोदकामाचा उन्हाळा

अहमदाबादच्या साबरमतीच्या धर्तीवर विश्वामित्रीलाही कठडे, पदपथ आणि रोषणाई असलेला ‘रिव्हरफ्रंट’ मिळावा, अशी महापालिकेची योजना होती. साबरमती आणि विश्वामित्री यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीचे पात्र रुंद, वाळूचे, दुसरीचे अरुंद, वळणावळणाचे आणि मातीच्या उभ्या काठांचे. शहरातील काही अभ्यासक आणि नागरिक राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले, आणि पर्यावरण मंजुरीवाचून काम करण्यास २०१६ मध्ये लवादाने अटकाव केला. मे २०२१ मधील आदेशात लवादाने नदीसाठी कृती आराखडा राबवण्यास, पूरमैदानाच्या हद्दी आखण्यास आणि अतिक्रमणे हटवण्यास सांगितले. आदेशानंतर तीन वर्षांनी २०२४ चा पूर आला.

पुराने जे काम अर्जविनंत्यांनी झाले नव्हते ते घडवून आणले. राज्य सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि मार्च २०२५ मध्ये शहरातून वाहणाऱ्या सुमारे २४ किलोमीटरच्या पट्ट्यात पात्र खोल व रुंद करण्याचे काम सुरू झाले. पावसाळ्यापूर्वी, शंभर दिवसांत ते उरकायचे होते. मोठमोठी यंत्रे काठांवर उतरली. पुराने पोळलेल्या रहिवाशांना हे काम हवेच होते आणि त्यांची घाई समजण्याजोगी आहे. घर दोनदा बुडालेल्या माणसाला मगरीच्या घरट्याची कळकळ सांगणे सोपे नसते. परंतु मगरी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काठाच्या मातीत अंडी घालतात आणि मे-जूनमध्ये पिल्ले बाहेर येतात. शंभर दिवसांचा मुहूर्त नेमका याच महिन्यांवर पडला. खोदकामावर वन विभागाची देखरेख ठेवावी लागली, आणि घरटी, कासवे, काठावरची झाडे यांचे काय, हा प्रश्न पर्यावरणप्रेमींनी लावून धरला. पात्र रुंद केल्याने पाणी शहरातून लवकर निघेल हे खरे, पण भरून टाकलेली कोतरे त्यामुळे परत येत नाहीत, हाही त्यांचा मुद्दा होता.

कारभाराची विभागणी हाही एक अडसर आहे. बाग आणि प्राणिसंग्रहालय महापालिकेचे, संग्रहालय राज्य शासनाचे, मगरी वन विभागाच्या अखत्यारीत, आणि नदी तर यांपैकी सर्वांची. १८७९ मध्ये हे सारे एका दिवाणाच्या टेबलावर येत असे. बागेच्या जतनाचा विचार होतो तेव्हा रस्ते, दिवे, कारंजी आणि पिंजरे यांवर चर्चा होते. पूरमैदानाची हद्द आखण्याचा विषय निघतो तेव्हा बागेचे नाव त्यात फारसे येत नाही. वास्तविक या संपूर्ण पट्ट्यात नदीसाठी राखलेल्या जमिनीचा सर्वात जुना, सर्वात मोठा आणि अजून न बुजलेला तुकडा तोच आहे.

जून २०२५ मध्ये पाऊस सुरू झाला, तेव्हा काला घोडा पुलाच्या कठड्याशी माणसे पुन्हा थांबू लागली. नव्याने कापलेल्या काठांवर गवत उगवायचे होते. बागेच्या बाजूला झाडांच्या मुळांनी माती धरून ठेवली होती.